बिब्याचा चटका मला कळलाच नाही

आधीच सांगते, मला लिहायची सवय नाही. सव्वीस वर्षं मी चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका गाळ्यात उभं राहून शर्ट चेक केले. दोरे कापायचे, बटणं ओढून बघायची, डाग दिसला की पीस बाजूला टाकायचा. वय अडुसष्ट. माझी सून तृप्ती म्हणाली, "आई, तुम्ही तीच गोष्ट फोनवर वीस जणींना सांगताय, त्यापेक्षा एकदा लिहून काढा ना." म्हणून बसले. ज्यांना शुगर आहे आणि पाय दुखत नाही म्हणून जे खुशीत आहेत, त्यांनी तरी हे वाचावं.

कुरूप

उभ्याचं काम म्हटल्यावर पाय दुखणारच. माझ्या डाव्या पायाला करंगळीच्या खाली कुरूप होतं, चांगलं वाटाण्याएवढं. चपलेत खडा घेऊन चालल्यासारखं वाटायचं. घरी आले की पाय गरम पाण्याच्या टपात, आणि तोंड चालू. आमचे हे म्हणायचे, गाळ्यातली कटकट घरी आणते. हे म्हणजे माझे मिस्टर. तरुणपणी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी केली, आता घरीच असतात.

मग दोन वर्षांपूर्वी ते दुखणं थांबलं. आपोआप. औषध नाही, पाणी नाही. हळूहळू तळव्यालाच काही लागेनासं झालं. फरशी गार की गरम, पटकन कळायचं नाही, सारखा मोजा घातल्यासारखा वाटायचा. मला चौदा वर्षं शुगर आहे, गोळी घेते, अधूनमधून विसरते. पण याचा त्याच्याशी काही संबंध असेल असं डोक्यातच आलं नाही. उलट गावी गेले तेव्हा दुखणं गेलं म्हणून देवीला नारळ दिला. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

दुखत नव्हतं, पण कुरूप जाड झालं होतं. चप्पल घातली की पाऊल तिरकं पडायचं. भाचीचं लग्न तोंडावर, नवी चप्पल घ्यायची होती. म्हटलं, याचा निकाल लावून टाकू.

आता निकाल लावणं म्हणजे आमच्याकडे बिबा. गावाकडची माणसं जाणतात. काळं, कडक फळ असतं. ते दाभणाला टोचायचं, दिव्यावर धरायचं, की त्यातून उकळतं तेल सुटतं. ते कुरूपावर, टाचेच्या भेगेवर थेंब थेंब सोडायचं. माझी आई द्यायची, मी तिच्याकडून शिकले. चारकोपला आम्ही राहतो त्या सेक्टरमधल्या कितीतरी बायकांच्या भेगा मी अशा भरल्यात. थंडीत तर दुपारी माझ्याकडे बायका येऊनच बसायच्या, आणि मीही मोठ्या डॉक्टरीणबाईच्या तोऱ्यात पाटावर बसायचे.

त्यात एकच नियम. चटका बसला की माणूस पाय ओढून घेतं. पाय ओढला की थांबायचं.

त्या दुपारी घरात मी एकटीच होते. डावा पाय मांडीवर घेतला, पहिला थेंब सोडला आणि चटक्याची वाट बघत बसले. काही नाही. दुसरा सोडला. काही नाही. मला वाटलं, बिबा जुना झालाय, जोर गेला त्याचा. डब्यातून दुसरा काढला, चांगलं तेल खदखदेस्तोवर तापवला. तरी काही नाही. किती थेंब घातले देव जाणे. कातडी पांढरी पडलेली डोळ्यांना दिसत होती, तरी मी पाय ओढायची वाट बघत होते. डोकं फिरलं होतं का माझं? नाही. मी अगदी शिकवल्याप्रमाणे करत होते.

लपवाछपवी

दुसऱ्या दिवशी फोड आला. चौथ्या दिवशी फुटला. मी हळद भरली आणि वर मोजे चढवले. तृप्तीने विचारलं, "आई, इतक्या उकाड्यात मोजे?" मी म्हटलं, फरशी गार लागते. ज्या बाईला फरशी लागतच नव्हती ती हे सांगत होती.

का लपवलं, ते खरं सांगते. पहिले दोन दिवस लाज. सेक्टरभर बिबा देत फिरणाऱ्या बाईने स्वतःचाच पाय भाजून घेतला, हे कुणाला सांगायचं? पण तिसऱ्या दिवसापासून निव्वळ भीती. करंगळी आधी लाल होती, मग जांभळी झाली. मी बाथरूमचं दार लावून मोजा काढायचे, अर्धवट बघायचे आणि पटकन परत घालायचे. माझी एक मावशी शुगरने गेली. आधी तिचं बोट गेलं, मग पाऊल, मग मांडीपासून पाय, आणि मग ती. हा क्रम मला तोंडपाठ होता. वाटायचं, डॉक्टरला दाखवलं की तो क्रम सुरू होणार. नाही दाखवलं तर नाही होणार. साठी उलटलेली बाई असला विचार करते, पण करते खरी.

नवव्या दिवशी ह्यांनी पेपर बाजूला ठेवला आणि म्हणाले, "कसलो वास येता गो?"

"कचऱ्याचा असेल."

"कचरो मी सकाळीच टाकलंय."

मी उठून आत गेले. फरशीवर माझ्या मागे ओले ठसे उमटत होते, गुलाबीसर. तृप्ती ऑफिसला निघत होती, तिने ते पाहिले. पर्स ठेवली, मला खुर्चीवर बसवलं आणि मोजा काढला. तिचा चेहरा बघून मला कळलं. मी पायाकडे बघितलंच नाही, तिच्याकडेच बघत राहिले. करंगळी काळी पडली होती.

"किती दिवस झाले, आई?"

"कालपासून."

माझा मुलगा नितीन जहाजावर असतो, आठ आठ महिने घरी नाही. तेव्हा जे काही करायचं ते हिलाच करायचं होतं. तिने ऑफिसला फोन केला आणि रिक्षा बोलावली.

रेघ

सेक्टरमधल्या आमच्या डॉक्टरांनी पाय पाहिला आणि खुर्चीवर टेकूसुद्धा दिलं नाही. चिठ्ठी दिली, मोठ्या हॉस्पिटलला जा, आत्ताच्या आत्ता. तिथे रक्त काढलं, एक्सरे काढला. शुगर पाचशेच्या घरात होती. मग सर्जनबाई आल्या. वयाने तृप्तीएवढ्याच, बोलायला फाडफाड.

"कशाने भाजलं, काकू?"

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. म्हणजे बिब्याने भाजलेली मी काही पहिली पेशंट नव्हते.

"हे बघा. करंगळी जाणार. हाडापर्यंत गेलंय, ती वाचत नाही. पुढचं काय ते मी आज सांगू शकत नाही."

मग त्यांनी खिशातलं साधं निळं बॉलपेन काढलं. बोटांपासून मागे पावलावर लाली पसरली होती, ती जिथे संपत होती तिथे माझ्या पायावर रेघ ओढली.

"औषध सलाईनमधून चालू करते. शुगर खाली आणू आणि परवा सकाळी ऑपरेशन. तोवर लाली या रेघेच्या आत राहिली पाहिजे. वर चढली, तर थांबायचं नाही, लगेच घ्यायचं. आणि मग नुसतं बोट नाही."

"म्हणजे किती?" तृप्तीने विचारलं.

त्यांनी स्वतःच्या पायावर हात ठेवून दाखवलं. आधी अर्धं पाऊल. मग गुडघ्याखाली.

माझ्या कानात नुसता आवाज घुमायला लागला. पुढचं मी काही ऐकलं नाही. ह्यांनी माझा खांदा धरला होता आणि म्हणत होते, "भियाव नको गो, मी हंय असंय."

वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर जोगेश्वरीच्या नसीमबी होत्या. माझ्याहून लहान असतील. चादर एका बाजूला गुडघ्यापर्यंत उंच दिसत होती आणि त्याच्या खाली सपाट. मी नजर दुसरीकडे वळवली. ते त्यांना दिसलं.

"बघून घे," त्या म्हणाल्या. "मी पण पहिले दोन दिवस तिकडे बघितलं नाही. मग समजलं, न बघून काय परत येत नाय ते."

त्यांना रोज सकाळी नसलेल्या अंगठ्याला खाज सुटायची. त्या खाजवायला हात खाली न्यायच्या आणि चादर चाचपून परत आणायच्या. दर दहा मिनिटांनी मी पायावरची रेघ बघायचे. सिस्टर बोटाला टोचायला आली की रेघ. चहा आला की रेघ. डोळा लागला आणि उघडला की आधी रेघ. नसीमबी म्हणाल्या, "टेन्शन नको घेऊ गं. दिवसातून दोनदा बघ, सकाळी आणि संध्याकाळी. मधे बघून काय उपयोग?" त्यांनी मला संत्रं सोलून दिलं, ते मी हातात धरून बसले आणि पुन्हा रेघच बघितली.

मी काय केलं

हे घरच्यांनी लिहू नको म्हटलं होतं. पण हे गाळलं तर बाकीच्या लिहिण्याला काही अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डातल्या मावशी अंग पुसायला आल्या. घाईत होत्या, बिचाऱ्यांना अजून दहा खाटा करायच्या होत्या. फडका स्पिरिटचा होता. त्यांनी माझ्या पायावरून तो फिरवला आणि रेघ पुसट झाली. अगदी गेली नाही, नीट बघितलं तर दिसत होती. आणि मला दिसलं, की लाली तिच्या वर आहे. फार नाही, एक बोटभर.

हे तेव्हा खाली चहा प्यायला गेले होते. त्यांचं शब्दकोड्याचं पेन उशीजवळ होतं. तेही निळंच.

मी सिस्टरला हाक मारायला हवी होती. हात वर केला की आली असती, चार खाटा पलीकडेच होती. मी पेन उचललं आणि नवी रेघ ओढली. लालीच्या बाहेर, एक बोट वर. जुनी रेघ थुंकी लावून पुसून टाकली. मग पेन जागेवर ठेवलं आणि उताणी पडून राहिले.

का केलं? मला वाटलं, कदाचित डॉक्टरांनीच काल इथे काढली असेल. कदाचित मलाच नीट आठवत नसेल. मी स्वतःलाच पटवत होते, आणि दोन मिनिटांत पटलंही. पण माझी छाती इतकी धडधडत होती, की नसीमबींनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही.

राऊंडला छोटे डॉक्टर आले. पाय पाहिला, रेघ पाहिली. "अरे वा, आतच आहे. गुड." कागदावर लिहून पुढे गेले. तेव्हा मला बरं वाटायला हवं होतं ना? पण ते गेल्यावर जी भीती बसली तशी आयुष्यात कधी वाटली नव्हती. तोपर्यंत निदान कुणीतरी बघत होतं. आता माझ्या पायात काय चाललंय ते फक्त मला माहीत होतं, आणि मी सांगणार नव्हते. हे वर आले, म्हणाले, "बघ, डॉक्टर चांगला म्हणालो मा?" मी हो म्हटलं. दुपारी थंडी वाजायला लागली. मी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि दात घट्ट दाबून धरले, वाजू नयेत म्हणून.

चारनंतर तृप्ती आली. आदल्या दिवशी तिने नितीनला पाठवायला पायाचा फोटो काढला होता, आता दुसरा काढायला लागली. मोबाइल खाली घेतला, कालचा फोटो उघडला, पुन्हा पायाकडे बघितलं. घोट्याचं हाड आणि रेघ यांमध्ये बोटं लावून मोजलं.

"आई, ही रेघ कुणी काढली?"

मी रडायला लागले. चारचौघांत, मोठ्याने, हुंदके देऊन. लग्नात पाठवणीला रडले नव्हते तेवढी रडले. तिने मला जवळ घेतलं नाही, समजावलं नाही. ती धावत सिस्टरकडे गेली, आणि तेच बरोबर होतं.

वीस मिनिटांत सर्जनबाई आल्या. लाली माझ्याही रेघेच्या वर गेली होती. ताप एकशे दोन. त्या ओरडल्या नाहीत. सहीसाठी कागद पुढे करताना एवढंच म्हणाल्या, "काकू, घाबरून केलंत, मला कळतं. पण मला दिवसभर दुसरे पेशंट असतात. मी तुमच्या रेघेवर विश्वास ठेवून त्यांच्याकडे जाते."

संध्याकाळी सहाला मला आत नेलं. दारापर्यंत हे स्ट्रेचर धरून चालत आले. मी त्यांना म्हटलं, "पाय गेला तर तुमची सेवा कोण करणार?" ते म्हणाले, "गप ऱ्हव." कमरेखाली सुन्न करायचं इंजेक्शन दिलं. मी जागी होते. मधे पडदा होता. पलीकडे काय चाललंय ते दिसत नव्हतं, आवाज येत होते. प्रत्येक आवाजाला मी मनात म्हणायचे, आता थांबा, आता पुरे, याच्यावर नको.

नंतर

करंगळी गेली, आणि तिच्या शेजारचं बोट. पाऊल राहिलं.

दुसरं बोट त्या सहा तासांत गेलं की तसंही जाणारच होतं, हे मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. विचारायची हिंमत झाली नाही, अजून होत नाही.

अकरा दिवस हॉस्पिटल, मग घरी ड्रेसिंग. चांगलंही सांगायला हवं. नसीमबींचा मुलगा मला रोज डब्यातली एक चपाती जास्त आणून द्यायचा. फडका फिरवणाऱ्या त्या मावशींना कळल्यावर त्या येऊन माझे हात धरून बसल्या, माफी मागत होत्या. मी म्हटलं, बाई, तुमची काय चूक, पेन माझ्या हातात होतं. आणि हे, ज्यांनी कधी स्वतःच्या बनियनची घडी घातली नाही, ते माझ्या पायाचं ड्रेसिंग करायला शिकले. चष्मा नाकावर, जीभ दातात, सिस्टरने दाखवलं तसं तंतोतंत. मी त्यांना चिडवलं, गिरणीत इतकं नीट काम केलं असतंत तर ती बंद पडली नसती. ते हसले. खूप दिवसांनी हसले.

घरात मात्र काही दिवस वातावरण वाईट होतं. तृप्ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. औषध घेतलं का, जेवलात का. एक दिवस मी म्हटलं, "तुला राग आलाय ना माझा?" ती भांडी लावत होती. म्हणाली, "राग नाही आई. पण तुम्ही 'बरी आहे' म्हणालात की मला आता काही कळत नाही. आधी कळायचं." मला वाटलं होतं ती पायाबद्दल काहीतरी बोलेल.

आता ती रोज संध्याकाळी माझे दोन्ही तळवे बघते. मोबाइलची बॅटरी लावते, बोटांच्या बेचक्यांत बघते. सुनेच्या मांडीवर पाय ठेवायचे म्हणजे मला कसंतरीच होतं. ती म्हणते, ठेवा. मी ठेवते. डब्यातले बिबे मी स्वतः नेऊन कचऱ्यात टाकले. सेक्टरमधल्या ज्या ज्या बाईला मी कधी बिबा दिला तिला फोन करून विचारलं, शुगर तपासलीस का? दोघींना निघाली. पाय भाजला तर कळतं का, हेही विचारलं. तुम्हीही तुमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. दुखतंय का, असं विचारू नका, त्याने काही कळत नाही. मोजे काढून स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

तीन महिन्यांनी तपासणीला बोलावलं होतं. जखम भरली होती. सर्जनबाई खूश होत्या. मग म्हणाल्या, "आता उजवा पाय बघू." चांगला पाय. त्याला एक ओरखडासुद्धा नव्हता. त्यांच्याकडे नायलॉनच्या दोऱ्यासारखं काहीतरी होतं, दांडीला लावलेलं. म्हणाल्या, "डोळे मिटा. मी तळव्याला ठिकठिकाणी हे टेकवणार. लागलं की हो म्हणायचं."

मी डोळे मिटले. मला माहीत होतं की हाही पाय तसाच असेल, तर एक दिवस हाही भाजेल, कापेल, कुजेल, आणि मला पत्ता लागणार नाही. मला तो चांगला पाय हवा होता. पंख्याचा आवाज येत होता. तृप्ती बाजूला उभी होती.

मी म्हटलं, "हो."

थोड्या वेळाने पुन्हा म्हटलं, "हो."

मग सर्जनबाईंचा आवाज आला, हळू. "काकू, मी अजून लावलंच नाहीये."

मी डोळे उघडले. तृप्तीकडे बघितलं नाही. परत मिटले आणि म्हटलं, "लावा."

किती वेळा लावलं ते तृप्तीने मोजलं होतं, नंतर रिक्षात सांगितलं. दहा वेळा. मी एकदाही हो म्हटलं नाही.